ऊन बाहेर, उजेड आत: इमारतीत नैसर्गिक प्रकाश खेळता ठेवण्याच्या पायऱ्या

दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात अशी खोली पाहिली की पहिला विचार येतो, खिडकी मोठी करायला हवी. पण पुष्कळदा खिडकी चांगली ऐसपैस असते. तिच्यातून रणरणतं ऊन येतं म्हणून जाड पडदा ओढलेला असतो, आणि पडदा ओढल्यामुळे दिवा लागलेला असतो. काचेच्या उंच इमारतींत हेच चित्र मजल्यामागून मजल्यावर दिसतं: काच जमिनीपासून छतापर्यंत, पडदे खाली, दिवे चालू.

या लेखाचा सगळा भर म्हणूनच एका गोष्टीवर आहे. आपल्याला आत हवा आहे तो आकाशाचा पसरलेला, शांत उजेड. थेट ऊन हवं ते ठरवून, हवं तिथे आणि हव्या त्या ऋतूत. एवढं मनाशी पक्कं असलं की खिडकी कुठे, छज्जा केवढा, काच कोणती, भिंतीला रंग कोणता, हे निर्णय एकामागोमाग एक सुटत जातात. भाड्याच्या जागेत राहत असाल तर पहिल्या तीन पायऱ्यांतच बरंच काम होईल. घर बांधायला किंवा नव्याने करायला काढलं असेल तर शेवटपर्यंत वाचा, कारण उजेडाचे मोठे निर्णय नकाशावरच होतात आणि नंतर भिंत फोडल्याशिवाय बदलत नाहीत.

एवढी खटपट कशासाठी

आधी आकडे पाहू. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीसुद्धा मोकळ्यावर १०,००० लक्सच्या आसपास मिळतात. याउलट दिव्यांनी उजळलेल्या कार्यालयात टेबलावर ५०० लक्स असले की ती जागा लिहिण्या-वाचण्यासाठी उत्तम समजतात, आणि घरात दिव्यांवर बसलं तर बहुधा १०० ते २०० लक्सच भरतात. म्हणजे ढगाळ दिवशीही घरात आणि बाहेर पन्नास-शंभर पटींचा फरक. तो जाणवत नाही, कारण बाहुली आकुंचन-प्रसरण पावते आणि डोळा चटकन सरावतो.

शरीराच्या घड्याळाला मात्र तो जाणवतो. पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींखेरीज दृष्टिपटलात आणखी एका जातीच्या प्रकाशग्राही पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास प्रयोगांतून स्पष्ट झालं. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन हे द्रव्य निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं आणि ‘आता दिवस आहे’ हा निरोप थेट मेंदूतल्या घड्याळापर्यंत जातो. झोप कधी लागायची, तरतरी कधी यायची, शरीराचं तापमान कधी चढायचं-उतरायचं, हे त्या निरोपावर ठरतं. हे जैविक घड्याळ रेणूंच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

२०२२ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने शिफारस केली की दिवसभर डोळ्याच्या पातळीवर किमान २५० लक्स असावेत, झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा कमी, आणि झोपेत जास्तीत जास्त १. हे लक्स साधे नव्हेत. शरीराच्या घड्याळाला जेवढा प्रकाश ‘दिसतो’ तेवढाच त्यांत मोजतात. पिवळसर दिव्याचे साधे लक्स या मापात निम्म्याच्या आसपासच भरतात, दिवसाचा प्रकाश मात्र जवळपास पुरता भरतो. खिडकीपाशी बसणाऱ्याला हे २५० लक्स सहज मिळतात. हॉलच्या मधोमध दिव्याखाली बसणाऱ्याला ते मिळवणं अवघड जातं.

खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचाही वाटा आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी पडताळल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. तो अभ्यास लक्सचा नव्हता, दृश्याचा होता. त्यामुळे उजेडासाठी खिडकीला दुधी काच लावून दृश्य घालवणं हा मला तोट्याचा सौदा वाटतो.

विजेचं गणित जरा खोलात पाहण्यासारखं आहे. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात दर वॉट ऊर्जेमागे १०० ल्यूमेनच्या वर उजेड असतो (ल्यूमेन म्हणजे एकूण किती उजेड, त्याचं माप). जुन्या तारेच्या बल्बमध्ये हाच आकडा १२ ते १५ होता. चांगला एलईडी आज शंभरीच्या घरात किंवा पुढे आहे. थोडक्यात, गरजेपुरता दिवसाचा प्रकाश घेतला तर तो एलईडीइतकाच गार आणि वर फुकट. गरजेच्या वीसपट घेतला तर उष्णताही वीसपट. काचेच्या इमारतींची गल्लत नेमकी इथेच होते.

एक समज मात्र सोडून द्या. काचेआड बसून ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. मुलांची दृष्टी जपण्यासाठीही उजळ खोली पुरत नाही, बाहेर खेळायला सोडावंच लागतं.

पायरी १: जागेची नोंद घ्या

कामाला हात घालण्याआधी एक पूर्ण दिवस फक्त पाहण्यात घालवा. कागदावर खोलीचा ढोबळ नकाशा काढा, खिडक्या, दारं, फर्निचर दाखवा आणि उत्तर दिशा लिहा. सकाळी, मध्यान्ही आणि दुपार उतरताना जमिनीवर-भिंतीवर पडलेले कवडसे खडूने किंवा चिकटपट्टीने आखा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी त्या आकृत्यांकडे नजर टाकली की ऊन नेमकं कोणाच्या डोळ्यांवर येतं, कोणती खुर्ची दुपारी तापते आणि कोणता कोपरा वर्षानुवर्षं अंधारात आहे हे दिसून येतं.

मग खुर्चीवर बसून, डोळा टेबलाच्या उंचीवर आणून, खिडकीकडे पाहा. आकाश दिसतं का? झाड नव्हे, समोरची भिंत नव्हे, आकाश. खिडकीपासून मागे मागे सरकत जा आणि आकाशाचा शेवटचा तुकडा दिसेनासा होईल तिथे खूण करा. वेगवेगळ्या ठिकाणांहून असं केलं की जमिनीवर एक रेघ तयार होते. त्या रेघेपलीकडच्या भागाला फक्त भिंती-छतावरून परावर्तित झालेला उजेड मिळतो, आणि तो भाग कायम उदास वाटतो. मला विचाराल तर उजेडाची परीक्षा घेण्याची ही सर्वांत खात्रीची रीत आहे. हिला ना यंत्र लागतं, ना आकडेमोड.

आकडा हवाच असेल तर ढगाळ दिवस निवडा. फोनमध्ये लक्स मोजणारं ॲप घ्या. प्रकाशाचा सेन्सर फोनच्या समोरच्या बाजूला, वरच्या कडेला असतो. म्हणून फोन टेबलावर उताणा ठेवा आणि आपली सावली पडू देऊ नका. आत एक वाचन घ्या, लगेच मोकळ्या आकाशाखाली दुसरं. दिवे अर्थातच बंद. आतल्याला बाहेरच्याने भागून शंभरने गुणा. बाहेर १०,००० आणि टेबलावर २०० आले तर उत्तर २ टक्के. खोलीची सरासरी २ टक्क्यांच्या खाली असेल तर दिवे लावावेच लागतात. ५ टक्के किंवा जास्त असेल तर दिवसा बहुतेक वेळ दिव्यांची गरज पडत नाही. फोनचा सेन्सर अचूक नसतो, पण दोन्ही वाचनं एकाच फोनची असल्याने गुणोत्तर कामापुरतं नीट मिळतं. हे आकडे जपून ठेवा. रंग दिल्यावर, कपाट हलवल्यावर, पडदे बदलल्यावर पुन्हा त्याच जागी मोजायचं आहे.

पायरी २: वाटेतले अडथळे काढा

खिडकीचा वरचा तिसरा हिस्सा सर्वांत मोलाचा. आकाशाचा उजेड तिथून येतो आणि खोलीत सर्वांत आतपर्यंत पोचतो. आणि नेमका तोच भाग आपण झाकतो: पडद्याची झालर, रोलर पडद्याची पेटी, एसीसाठी लावलेली फळी, कपाटावर रचलेल्या बॅगा. आधी तो मोकळा करा.

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना हातभर लांब घ्या, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न थांबता भिंतीवर जाऊन बसेल. तावदानं आतून-बाहेरून पुसा. डासांची बारीक जाळी उजेडाचा चांगलाच वाटा खाते, आणि धूळ धरलेली जाळी त्याहून जास्त. सरकत्या खिडकीला जाळीचा पल्ला वेगळा असेल तर दिवसा तो बाजूला सारून ठेवता येतो. खिडकीबाहेरच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, छाटणी राहून गेलेल्या फांद्या, हेही पाहून घ्या. मात्र पश्चिमेच्या खिडकीसमोरचं झाड तोडू नका, त्याचं काम चौथ्या पायरीत येतं.

पायरी ३: छत, भिंती आणि बसण्याची जागा

खोलीच्या आतल्या भागात पोचणारा उजेड एक-दोन-तीन वेळा आपटून आलेला असतो. प्रत्येक वेळी रंग त्यातला काही भाग गिळतो. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, मध्यम छटेचा ४० टक्के आणि गडद रंग जेमतेम १०. दोन वेळा आपटलेल्या प्रकाशाचा हिशोब करा: पांढऱ्यात ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, मध्यम रंगात ०.४ गुणिले ०.४ म्हणजे ०.१६. तीच खिडकी, तेच आकाश, आणि आतल्या कोपऱ्यात चौपट फरक.

रंगाचं काम छतापासून सुरू करा. छत शुभ्र पांढरं, चकाकी नसलेलं. त्यानंतर खिडकीसमोरची भिंत, मग बाजूच्या. जमीन थोडी गडद चालेल. फार पांढरी चकचकीत फरशी उलट डोळ्यांवर येते. लोक हमखास विसरतात ती खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत. ती गडद असली तर उजळ काच आणि काळवंडलेली भिंत शेजारी-शेजारी येतात, डोळे दिपतात आणि खोली आहे त्याहून अंधारी वाटते. ती भिंत, खिडकीची चौकट आणि भिंतीच्या जाडीतल्या बाजू पांढऱ्या करा. भिंत जाड असेल आणि त्या बाजू आतल्या अंगाला तिरप्या फाकवता आल्या तर फारच छान. काच आणि भिंत यांच्यामध्ये उजेडाची एक मधली पायरी तयार होते आणि नजर सुखावते.

आरशाबद्दल थोडं सावध राहा. तो उजेड वाढवत नाही, फक्त वळवतो. खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावला तर आकाशाचा तुकडा आत आणून दाखवतो. थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोर लावला तर तेच ऊन कोणाच्या तरी डोळ्यात मारतो.

टेबल खिडकीला समांतर नको, काटकोनात हवं, म्हणजे उजेड बाजूने येतो. खिडकीकडे तोंड केलं तर संगणकाच्या पडद्यामागून येणाऱ्या उजेडाने डोळे शिणतात. पाठ केली तर संगणकाच्या पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि कागदावर आपलीच सावली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, डाव्या हाताने लिहिणाऱ्याला उजवीकडून.

पायरी ४: दिशा ओळखा आणि ऊन काचेबाहेरच अडवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. काचेतून आत आलेल्या उन्हाची उष्णता आतच राहते. आतला पडदा तिला फारशी परत पाठवू शकत नाही. बाहेरचा छज्जा, पट्ट्या किंवा झाड ते ऊन काचेला लागूच देत नाही. पश्चिमेच्या दोन चौरस मीटर साध्या काचेतून उन्हाळ्याच्या दुपारी एक किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. म्हणजे भर उन्हाळ्यात खोलीत हीटर लावल्यासारखंच.

पुढच्या दिशा उत्तर गोलार्धासाठी आहेत. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलट समजा.

उत्तरेच्या खिडकीतून जवळपास सारा दिवस आकाशाचा एकसारखा उजेड येतो. चित्रकारांचे स्टुडिओ आणि करवतीच्या दातांसारखी छपरं असलेले कारखाने उत्तरेकडे तोंड करून असतात ते यासाठीच. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिथे तिरपं ऊन येतं, त्याला बाजूची अरुंद उभी पट्टी पुरते.

दक्षिणेची खिडकी काबूत ठेवायला सोपी, कारण मध्यान्हीचा सूर्य उंच असतो आणि त्याची उंची आधीच काढता येते. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, मध्यान्हीचा कोन म्हणजे ९० वजा त्या ठिकाणचे अक्षांश. जूनमध्ये त्यात २३.५ मिळवायचे, डिसेंबरमध्ये तेवढेच वजा करायचे. २० अक्षांशावर विषुवदिनी ७० अंश आणि डिसेंबरात ४६.५ अंश येतात. जूनमध्ये बेरीज नव्वदीच्या वर जाते, याचा अर्थ सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. ४० अक्षांशावर हेच आकडे ५०, २६.५ आणि जूनमध्ये ७३.५.

आता छज्जा. सावली किती खाली पोचेल हे काढायला छज्जा भिंतीपासून जितका पुढे आला आहे ते अंतर त्या कोनाच्या टॅन्जंटने (कॅल्क्युलेटरवरचं ‘tan’) गुणायचं. समजा छज्जा ६० सेंटिमीटर पुढे आला आहे आणि ठिकाण २० अक्षांशावर आहे. विषुवदिनी सावली सुमारे १.६५ मीटर खाली येते, म्हणजे छज्जाखाली १५ सेंटिमीटर सोडून सुरू होणारी दीड मीटरची खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात तीच सावली ६३ सेंटिमीटरवर थांबते आणि खिडकीच्या खालच्या मीटरभरातून थंडीतलं कोवळं ऊन आत येतं. ४० अक्षांशावर हाच छज्जा जूनमध्ये दोन मीटरपर्यंत सावली देतो आणि डिसेंबरात फक्त ३० सेंटिमीटर. एक साधी आडवी फळी, आणि ऋतू ओळखून वागते. कुठलीही मोटर न लावता हे होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

विषुवदिनी आणखी एक गंमत पाहता येते. नेमक्या दक्षिणेच्या भिंतीवर छज्जाच्या सावलीची खालची कड त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच उंचीवर राहते. सावली डावी-उजवीकडे सरकते, वर-खाली होत नाही. पेन्सिलने एक रेघ मारून ठेवली तर भिंत खरोखर दक्षिणेला तोंड करून आहे की थोडी फिरलेली, हेही त्यावरून कळतं. आणि सावली बाजूला सरकते म्हणूनच छज्जा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना लांब हवा. खिडकीएवढाच ठेवला तर सकाळ-दुपारी कोपऱ्यातून ऊन घुसतं.

पूर्व आणि पश्चिमेला हा हिशोब चालत नाही. तिथे सूर्य समोरून, जवळजवळ आडवा येतो आणि कितीही खोल छज्जाखालून आत शिरतो. इथे तिरप्या उभ्या पट्ट्या, बाहेरून लावलेले सरकते जाळीदार पल्ले, गुंडाळता येणारे बाहेरचे पडदे किंवा पानझडी झाड कामाला येतं. पानझडी झाडाचा फायदा असा, की उन्हाळ्यात सावली देतं आणि जिथे हिवाळा कडक असतो तिथे थंडीत पानं गाळून ऊन सोडतं. नव्या बांधकामात मी सरळ सांगेन: पश्चिमेला मोठ्या खिडक्या ठेवूच नका. तिथे जिना, कोठीघर, न्हाणीघर येऊ द्या.

बाहेर काहीच बसवता येत नसेल तर आत आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड लावा. रंग पांढरा, आणि पट्ट्यांची वरची बाजू छताकडे कललेली. ऊन छतावर जाऊन पसरतं, डोळ्यात जात नाही आणि दिवा लावावा लागत नाही. एकाऐवजी दोन थर ठेवता आले तर उत्तम: दिवसासाठी पातळ पांढरा, झोपेसाठी जाड. खाजगीपणासाठी वरून खाली उघडणारे पडदे फार उपयोगी. खालचा अर्धा भाग झाकलेला राहतो आणि आकाशाची बाजू खुली.

थेट उन्हात रंग उडतात हेही ध्यानात घ्या. संग्रहालयांत कापड, जलरंग, जुने कागद यांच्यावर साधारण ५० लक्सच पडू देतात. घरातली जुनी छायाचित्रं, भरतकाम आणि ग्रंथ कवडशांच्या आकृतीबाहेर ठेवा. पहिल्या पायरीतला खडूचा नकाशा इथे कामी येतो.

पायरी ५: काच निवडताना दोन आकडे विचारा

विक्रेता रंग दाखवेल, तुम्ही आकडे मागा. एक, दृश्य प्रकाश किती टक्के आत येतो. त्याला व्हीएलटी म्हणतात. दुसरा, सूर्याच्या उष्णतेचा किती भाग आत येतो, तो एसएचजीसी. सहा मिलिमीटरच्या साध्या पारदर्शक काचेत उजेड ८८ टक्क्यांच्या आसपास आणि उष्णता ८२. गडद रंगाच्या किंवा आरशासारख्या काचा उष्णता कमी करतात, पण उजेडही तेवढाच किंवा जास्त मारतात, आणि मग दिवसा दिवे लागतात. खास लेप दिलेल्या लो-ई दुहेरी काचेत उजेड ६० ते ७० टक्के येतो आणि उष्णता ३० ते ४० टक्क्यांवर थांबवता येते. उजेडाचा आकडा उष्णतेच्या आकड्याच्या दुपटीजवळ असेल तर उष्ण हवेसाठी ती काच उत्तम. थंड प्रदेशात दक्षिणेच्या खिडकीला उलट उष्णता आत घेणारी काच घ्यावी.

नमुन्याचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहा. कागद हिरवट किंवा तपकिरी दिसला तर खोलीतलं सगळं, माणसांचे चेहरेसुद्धा, तसंच दिसणार आहे.

पायरी ६: खिडकीपासून दूरच्या जागा

एका बाजूच्या खिडकीचा उपयुक्त उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंतच पोचतो. वरची कड २.१ मीटरवर असेल तर सव्वाचार ते सव्वापाच मीटर. खिडकी रुंद करून ही मर्यादा हलत नाही, उंच केल्याने हलते. टेबलाच्या उंचीखालची काच तर टेबलावरच्या उजेडात जवळपास काहीच भर घालत नाही, फक्त उष्णता आणते. म्हणून तेवढीच काच लावायची असेल तर ती खाली पसरवण्याऐवजी वर, छताला भिडेल अशी न्या.

मोठ्या खोलीत खिडकीचे दोन भाग करणं शहाणपणाचं: खालचा पाहण्यासाठी, वरचा उजेडासाठी. दोहोंच्या मध्ये, डोक्याच्या वर, पांढऱ्या पृष्ठभागाची आडवी फळी बसवली की वरच्या काचेतून आलेलं ऊन तिच्यावर आपटून छताकडे जातं. खोलीतला एकूण उजेड तिने फारसा वाढत नाही. खिडकीजवळचा भगभगाट कमी होतो आणि आतला कोपरा त्या मानाने उजळ वाटतो, आणि वर्गखोलीत नेमकं हेच हवं असतं.

आतल्या खोल्यांना उसना उजेड द्या. दारावरची झडप काचेची करा, पॅसेजच्या भिंतीत छताजवळ काचेची पट्टी ठेवा, फळ्यांच्या पार्टिशनऐवजी वरचा भाग काचेचा घ्या. दोन बाजूंनी उजेड येणारी खोली एका बाजूच्या दुप्पट खिडकीपेक्षा सुखद असते. सावल्या सौम्य होतात आणि चेहरे नीट दिसतात.

सर्वांत वरच्या मजल्यावर छतातून उजेड घेता येतो. तेवढ्याच आकाराच्या उभ्या खिडकीच्या दोन ते तीन पट उजेड तिथून येतो, कारण छताच्या काचेला अख्खं आकाश दिसतं. त्यामुळे ती लहानच हवी. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ३ ते ५ टक्के पुरते. उष्ण हवामानात सपाट पारदर्शक छत-काच मुळीच घेऊ नका, उन्हाळ्यातला डोक्यावरचा सूर्य तिच्यातून सरळ खाली येतो. दुधी काच घ्या किंवा छताला उंचवटा करून उत्तरेला उभी काच बसवा. वास्तुविशारद लुई कान यांनी अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या किम्बेल संग्रहालयात, १९७२ मध्ये, छताच्या माथ्यावर अरुंद फट ठेवली आणि तिच्याखाली ॲल्युमिनियमचे पंखांसारखे परावर्तक टांगले. ऊन त्यांच्यावर आपटून काँक्रीटच्या कमानींवर पसरतं आणि राखाडी काँक्रीट चंदेरी दिसतं. चित्रांना उन्हाची झळ लागत नाही.

न्हाणीघर, जिना, पॅसेज अशा ठिकाणी प्रकाशनळी सोयीची. छतावर पारदर्शक घुमट, खाली आतून आरशासारखी नळी, आणि खोलीत पसरट दुधी झाकण. नळी शक्य तितकी सरळ आणि आखूड ठेवा. प्रत्येक वळणाला उजेड घटतो. छताला भोक पडतं म्हणून पाणीगळतीचं काम जाणत्याकडूनच करून घ्या.

चौक किंवा डक्टमधून उजेड हवा असेल तर त्याच्या भिंती पांढऱ्या ठेवा आणि खालच्या मजल्यांच्या खिडक्या वरच्यांपेक्षा मोठ्या करा. खोल, अरुंद डक्टच्या तळाशी आकाश दिसत नाही, तिथे रंगाशिवाय दुसरा आधार नसतो.

नकाशा मंजूर करताना एक कसोटी हाताशी ठेवा. २०१८ च्या युरोपीय मानकात किमान अपेक्षा अशी आहे: दिवसाउजेडीच्या निम्म्या तासांत खोलीच्या निम्म्या भागात किमान ३०० लक्स आणि जवळपास सगळ्या भागात, म्हणजे ९५ टक्क्यांत, किमान १०० लक्स. वास्तुविशारदाला संगणकावर हे तपासून द्यायला सांगा, आणि समोरच्या इमारती त्या प्रारूपात घेतल्या आहेत का हे आवर्जून विचारा. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या काही जुन्या घरांवर आजही दिसतात. आज कर नाही, पण शेजारी उद्या चार मजले चढले तर परिणाम तोच होऊ शकतो.

पायरी ७: दिव्यांची जोडणी उजेडाप्रमाणे करा

खोलीत उजेड आला तरी दिवे आपोआप बंद होत नाहीत, आणि वीज वाचते ती दिवा बंद झाल्यावरच. बहुतेक ठिकाणी एका बटणावर खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतचे सगळे दिवे असतात. आतल्या कोपऱ्यातल्या माणसाला दिवा हवा असतो म्हणून खिडकीजवळचेही दिवसभर जळतात. वायरिंग करताना दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर ठेवा आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण द्या. खर्च नगण्य, आणि दिवसाचा बराच वेळ पहिली ओळ बंद राहते.

कार्यालयात उजेड पाहून मंद होणारे दिवे लावले तर सेन्सरची जागा नीट निवडा. तो टेबलाकडे पाहणारा हवा, खिडकीकडे पाहणारा नको. नाहीतर ढग सरकला की दिवे वर-खाली होतात, लोक वैतागतात आणि महिन्याभरात कोणीतरी सेन्सरवर चिकटपट्टी लावतं. दिवे झटकन बंद न होता सावकाश मंद होतील अशी मांडणी करा. सेन्सर बसवल्यावर एकदा भर दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर, दोन्ही वेळा टेबलावरचे लक्स मोजून पातळी लावून घ्या. कंत्राटदार बऱ्याचदा दुपारीच काम आटोपून जातो, म्हणून रात्रीची चाचणी कामाच्या यादीत आधीच लिहून ठेवा.